डाकोटाचा धडा : भारतांतील विमान-कंपन्या आणि त्यांचीं विमानें

हिंदुस्थानांत आगगाडी आली ती सरकारी हमीचा हात धरून. रूळ घालणाऱ्या इंग्रज कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर दरसाल शेंकडा पांच मिळतील, असें अभिवचन सरकारनें आधींच देऊन ठेवलें होतें. गाडी रिकामी धांवली तरी लंडनमधील भागीदाराची झोंप मोडण्याचें कारण नव्हतें. विमानाची गोष्ट निराळी झाली. १९३२ सालीं एका देशी पेढीनें नियमित विमानवाहतूक सुरू केली, तेव्हां तिच्यामागें ना हमी होती, ना अनुदान. होतीं तीं दोन लहानशीं विमानें, मूठभर माणसें आणि टपालाच्या पिशव्या.

त्यानंतरच्या नव्वदांहून अधिक वर्षांत भारतांत विमान-कंपन्या निघाल्या किती आणि बुडाल्या किती, याची मोजदाद करूं गेल्यास बुडालेल्यांचीच यादी लांब होईल. या अपयशाचें खापर कोणी सरकारी धोरणावर फोडतात, कोणी इंधनाच्या भावावर, तर कोणी चालकांच्या उधळेपणावर. तिन्ही कारणांत तथ्य आहे. परंतु कंपन्यांच्या चालकांऐवजीं त्यांच्या विमानांकडे पाहिलें, तर आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. ज्या ज्या वेळीं विमान हातीं येणें सोपें झालें, त्या त्या वेळीं कंपन्यांचें पीक आलें. आणि विमान मिळविणें वेगळें व तें पोसणें वेगळें, हें ज्यांनीं ओळखलें नाहीं त्यांचा अल्पावधींतच लय झाला. हा धडा या देशास प्रथम शिकविला तो डाकोटा नांवाच्या विमानानें. तो नीट समजण्यासाठीं डाकोटाच्या आधींचा काळ पाहणें अवश्य आहे.

सरकारी मान्यतेनें विमानांतून टपाल नेण्याचा जगांतील पहिला मान हिंदुस्थानकडे जातो. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबाद येथील प्रदर्शनाच्या निमित्तानें आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें सुमारे ६,५०० पत्रें घेऊन यमुना ओलांडली आणि तो नैनी येथें उतरला. अंतर अवघें पांच-सहा मैलांचें. या कौतुकाचें नियमित सेवेंत रूपांतर होण्यास मात्र आणखी एकवीस वर्षें जावीं लागलीं. १९२९ पासून इंपीरिअल एअरवेज ही ब्रिटिश कंपनी विलायतेचें टपाल कराचीपर्यंत आणूं लागली. पण कराचीहून मुंबई-मद्रासकडे जाणारें पत्र पुन्हा आगगाडीच्याच स्वाधीन होई. हजारों मैल उडत आलेलें पत्र उंबरठ्याशीं येऊन जणूं पायीं चालूं लागे.

ही उणीव हेरली ती नेव्हिल व्हिंटसेंट या माजी ब्रिटिश लष्करी वैमानिकानें. त्यानें आखलेली योजना टाटांच्या पेढीपुढें मांडली गेली आणि तिला पाठिंबा मिळाला तो जे. आर. डी. टाटा यांचा. हिंदुस्थानांत दिलेला वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ सालीं त्यांनींच मिळविला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटा स्वतः पस मॉथ जातीचें विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून बल्लारीमार्गें मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिंटसेंटनें पुरा केला. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून येत. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई, तेव्हां विमानें पुण्यास न्यावीं लागत. वाट दाखविणारें बिनतारी यंत्र नव्हतें. नदी, रूळ आणि समुद्रकांठ हेच वैमानिकाचे वाटाडे.

पस मॉथ हें कापडी आवरणाचें, एका यंत्राचें विमान. वैमानिकाखेरीज त्यांत फार तर दोन माणसें मावत, आणि टपालाच्या पिशव्या असल्या म्हणजे तींही अवघडून. पहिल्या वर्षांत या सेवेनें सुमारे १,६०,००० मैलांचें उड्डाण केलें आणि प्रवासी नेले ते अवघे १५५. तरीही वर्षअखेर सुमारे साठ हजार रुपयांचा नफा राहिला. याचें मर्म असें कीं, ओझें आणि वाहन यांचा मेळ बरोबर जमला होता. टपाल ठरल्या वारीं येणारच, त्याचा मोबदला करारानें ठरलेला, आणि त्यासाठीं निवडलेलें विमान गरजेहून तसूभरही मोठें नव्हतें. पुढें टपाल वाढलें तसतशीं विमानेंही वाढलीं. लेपर्ड मॉथ, फॉक्स मॉथ, मर्लिन, वॅको अशीं एकापेक्षां एक मोठीं विमानें त्या ताफ्यांत आलीं, पण तीं आलीं कामाच्या मागोमाग. १९३८ सालीं साम्राज्यांतील पत्रें जादा आकार न घेतां विमानानें नेण्याची योजना अंमलांत आली, तेव्हां टपालाचा भार एकदम वाढला आणि त्या मानानें मोठीं विमानें घेण्यास आधार मिळाला. विमान आधीं आणि काम मागाहून शोधावयाचें, असा प्रकार तोंपर्यंत क्वचितच होता.

दुसऱ्या महायुद्धानें हा क्रम उलटा केला. युद्धकाळांत नागरी विमानें लष्करी कामास जुंपलीं गेलीं. परंतु त्याच काळांत या देशांत विमानविद्येचा मोठा संचय झाला. मूळचे सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना उभारला. १९४२ सालीं सरकारनें तो आपल्या हातीं घेतला आणि मित्रराष्ट्रांच्या असंख्य विमानांची दुरुस्ती तेथें झाली. त्याच वर्षीं नेव्हिल व्हिंटसेंट युद्धकाळांतील एका विमानप्रवासांत नाहींसा झाला. ज्यानें या देशास टपालाचें विमान दिलें, त्यास युद्धानंतरचा बहर आणि नंतरची पानगळ पाहणें लाभलें नाहीं.

त्या बहराचें बीज म्हणजे डाकोटा. अमेरिकेच्या डग्लस कंपनीचें डी. सी. ३ हें विमान प्रथम उडालें १७ डिसेंबर १९३५ रोजीं. दोन यंत्रें, संपूर्ण धातूचें अंग, एकवीस ते अठ्ठावीस प्रवाशांची सोय, आणि साध्या मातीच्या मैदानावरही उतरण्याची तयारी, असे त्याचे गुण. युद्धांत या जातीचीं दहा हजारांहून अधिक विमानें तयार झालीं. इंग्रजांनीं त्यांस डाकोटा हें नांव दिलें आणि तेंच भारतांत रूढ झालें. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आणि चीनकडे जाणाऱ्या हिमालयावरील मार्गावर त्यांनीं अहोरात्र काम केलें होतें. युद्ध संपलें आणि या विमानांचा मोठा साठा हिंदुस्थानच्या भूमीवर तसाच पडून राहिला. अमेरिकनांना तीं परत नेण्यांत स्वारस्य नव्हतें. नव्या विमानाच्या मानानें अगदीं अल्प किंमतींत तीं विकावयास निघालीं, आणि बंगलोरच्या कारखान्यांत लष्करी बांकें काढून प्रवाशांच्या खुर्च्या बसविण्याचें काम सुरू झालें.

भांडवलदारांना हा योग साधण्याजोगा वाटला यांत नवल नाहीं. विमान स्वस्त, युद्धांतून परतलेले वैमानिक आणि यंत्रज्ञ कामाच्या शोधांत, धांवपट्ट्या लष्करानें ठिकठिकाणीं आधींच बांधून ठेवलेल्या, आणि स्वातंत्र्य दारांत उभें असल्यानें व्यापार वाढणार ही सर्वांची खात्री. १९४६ सालीं परवाने देणारें मंडळ नेमलें गेलें आणि त्यापुढें अर्जांची रीघ लागली. टाटांची जुनी सेवा त्याच वर्षीं २९ जुलै रोजीं एअर-इंडिया या नांवानें जाहीर भागांची कंपनी बनली. दिल्लीची इंडियन नॅशनल एअरवेज आणि मुंबईची एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया या युद्धापूर्वींच्या कंपन्या होत्याच. त्यांच्या जोडीला हैदराबादची डेक्कन एअरवेज, कलकत्त्याकडील भारत एअरवेज व एअरवेज (इंडिया), शिवाय अंबिका, ज्यूपिटर, मिस्त्री, दालमिया-जैन, हिमालयन, कलिंग अशीं नांवें थोडक्या काळांत पुढें आलीं. एवढ्या कंपन्यांना पुरेल इतका धंदा नाहीं, असा इशारा टाटांनीं त्या वेळींच दिला होता. परंतु स्पर्धकाच्या तोंडचा इशारा म्हणून त्याचें वजन कमी पडलें असावें.

आतां हिशेबाची बाजू पाहूं गेल्यास अडचण कोठें होती तें उघड होतें. मंडईंतील भाजी आज खपली नाहीं तर उद्यां पडत्या भावानें तरी विकतां येते. विमानांतील रिकाम्या खुर्चीस उद्यां नसतो. विमान सुटलें कीं त्या खुर्चीचें मोल कायमचें गेलें. पेट्रोल मात्र भरल्या विमानास लागतें तेवढेंच जवळजवळ अर्ध्या रिकाम्या विमानासही लागतें. वैमानिकाचा पगार, विमा, ठराविक तासांनंतरची यंत्रांची संपूर्ण उकल, तळावरील आकार हे खर्च तर विमान जमिनीवर उभें असलें तरी चुकत नाहींत. म्हणून विमान दिवसांतून किती तास आकाशांत राहतें आणि त्या तासांत किती खुर्च्या भरतात, या दोन आंकड्यांवर कंपनीचें आयुष्य ठरतें. स्वस्त डाकोटानें या सर्व खर्चांपैकीं एकच खर्च कमी केला होता, तो म्हणजे विकत घेण्याचा. उरलेले सगळे जसेच्या तसे राहिले. त्यांतच पेट्रोलची किंमत चढली आणि एकाच प्रवाशामागें तीन-तीन कंपन्या धांवूं लागल्या. सरकारनें पेट्रोलवरील जकातीचा कांहीं भाग परत देण्यास सुरुवात केली, तरी तोंड मिळेना. १९५० सालाच्या आंतच अंबिका आणि ज्यूपिटर या कंपन्यांचीं दारें बंद झालीं.

डाकोटावर हा दोष ठेवणें मात्र अन्यायाचें होईल. तोट्याच्या त्याच वर्षांत या विमानांनीं देशाची जी सेवा केली ती कोणत्याही ताळेबंदांत मावणारी नाहीं. फाळणीच्या वेळीं निर्वासितांना सुखरूप आणण्याचें काम त्यांनीं केलें. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं भारतीय फौजेची पहिली तुकडी श्रीनगरच्या धांवपट्टीवर उतरली ती डाकोटांतूनच, आणि त्यांत हवाई दलाच्या विमानांबरोबर खाजगी कंपन्यांचींही विमानें होतीं. फाळणीनें आसामचा रेल्वेमार्ग तुटला, तेव्हां नवा मार्ग तयार होईपर्यंत कित्येक जिन्नस हवेंतूनच न्यावे लागले. कलिंग कंपनीचे बिजू पटनाईक यांनीं तर १९४७ सालीं डच नाकेबंदी चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शहरीर यांना आपल्या विमानांतून बाहेर काढलें.

या काळांतील सर्वांत धाडसी प्रयोगाचें केंद्र नागपूर होतें. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्रीं चार विमानें सुटत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगांव तळावर एकत्र येत. तेथें टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई. आणि प्रत्येक विमान उरलेल्या तीन शहरांचें टपाल घेऊन पहाटेपर्यंत स्वस्थानीं परते. संध्याकाळीं मुंबईस टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाऊं लागलें. देशाच्या नकाशाचा मध्यबिंदु शोधून काढावा आणि तेथें रोज मध्यरात्रीं चारी दिशा भेटवाव्या, ही कल्पना साधी तशीच विलक्षण होती. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांनीं ती नेटानें पुढें रेटली. टाटांनीं तिला विरोध केला. रात्रीं उड्डाण करण्यास लागणारे मार्गदर्शक दिवे व बिनतारी सोयी अपुऱ्या असतां हा धोका पत्करणें योग्य नव्हे, असें त्यांचें म्हणणें. काम प्रथम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सकडे आणि नंतर हिमालयन कंपनीकडे गेलें, आणि ही सेवा पुढें बरींच वर्षें चालली.

या वादांत बरोबर कोण होतें, याचें उत्तर एका शब्दांत देणें कठीण आहे. धोका खरा होता. पण एक गोष्ट मान्य करावी लागते कीं, दिवसां उडणारें विमान रात्रींही कामास लावणें हाच डाकोटाच्या अर्थशास्त्रावरील खरा तोडगा होता. ठरलेलें टपाल पोटांत, भाडें दिवसाच्या मानानें कमी, आणि विमान अधिक तास आकाशांत. १९३२ सालच्या पस मॉथचेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पुन्हा आलें होतें.

समुद्रापलीकडील मार्गावर त्याच सुमारास दुसरा मार्ग चोखाळला गेला. ८ मार्च १९४८ रोजीं एअर-इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी स्थापन झाली. तींत सरकारचा वांटा शेंकडा ४९ होता आणि आणखी दोन टक्के भाग घेण्याचा हक्क सरकारनें राखून ठेवला होता. ८ जून १९४८ रोजीं तिचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचें विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला गेलें. येथें विमान जुनें, स्वस्त, मिळेल तें नव्हतें. पल्ला पाहून नवें घेतलेलें होतें आणि उड्डाणही प्रारंभीं आठवड्यास एकच. दुर्दैवानें ३ नोव्हेंबर १९५० रोजीं तेंच विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जणांचा अंत झाला. कंपनी मात्र त्या आघातांतून सांवरली.

देशांतर्गत कंपन्यांची स्थिति अशी सांवरणारी नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९५० सालीं सर्व कंपन्यांची चौकशी केली. उपलब्ध वाहतुकीच्या मानानें कंपन्या फार झाल्या असून त्यांची संख्या कमी होणें इष्ट, असा समितीच्या म्हणण्याचा मथितार्थ. राष्ट्रीयीकरण मात्र तिनें त्या घडीस सुचविलें नाहीं. परंतु तोंवर आणखी एक अडचण उभी राहिली होती. डाकोटा म्हातारे होत चालले होते. त्यांच्या जागीं नवीं विमानें घेण्यास कोट्यवधि रुपये लागणार आणि तोट्यांतील कंपन्यांकडे ते कोठून येणार? स्वस्तांत आलेल्या वाहनाची ही शेवटची वसुली होती. ज्यांनीं त्याच्या स्वस्ताईवर संसार मांडला, त्यांच्या गांठीं दुसरें वाहन घेण्यापुरतें कांहींच साठलें नव्हतें.

अखेर संसदेनें कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून सर्व नियमित विमानवाहतूक दोन सरकारी महामंडळांकडे गेली. परदेशची एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे आणि देशांतील इंडियन एअरलाइन्सकडे. टाटांना हा निर्णय पसंत नव्हता. तथापि पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनीं पहिल्या महामंडळाचें अध्यक्षपद पत्करलें आणि १९७८ पर्यंत सांभाळलें. इंडियन एअरलाइन्सच्या वांट्यास आठ कंपन्यांचा वारसा आला. त्यांत एकंदर ९९ विमानें, पैकीं ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग, ३ स्कायमास्टर आणि बाकीचीं किरकोळ. कंपन्या गेल्या, पण विमानें, वैमानिक आणि यंत्रज्ञ देशांतच राहिले, ही गोष्ट पुढील कथेसाठीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

सरकारी अमलाच्या चाळीस वर्षांत विमानें क्रमाक्रमानें बदलत गेलीं. १९५७ सालीं व्हायकाउंट आलें, १९६१ सालीं फोकर फ्रेंडशिप, १९६४ सालीं कॅरव्हेल हें देशांतर्गत मार्गांवरील पहिलें जेट, आणि १९७६ सालीं एअरबस. डाकोटांतून ढगांचे धक्के खात चार-पांच तासांनीं मुंबईहून दिल्ली गांठणारा प्रवासी आतां ढगांच्या वरून दोन तासांत जाऊं लागला. एअर-इंडियानें १९६० सालीं बोइंग ७०७ घेऊन न्यूयॉर्कपर्यंत मजल मारली आणि १९६२ सालीं आपला सारा ताफा जेट विमानांचा केला. १९७१ सालीं आलेलें ‘एम्परर अशोक’ हें जंबो जेट पाहण्यास मुंबईकरांनीं गर्दी केली. तेंच विमान १ जानेवारी १९७८ रोजीं उड्डाणानंतर अवघ्या कांहीं मिनिटांत वांद्र्याच्या समुद्रांत कोसळलें आणि २१३ जण बळी पडले, ही आठवण त्या पिढींतील मुंबईकरांच्या मनांतून सहसा जात नाहीं.

या काळाच्या जमाखर्चांत दोन्ही बाजू आहेत. १९९० सालीं कुवेत व इराकमध्यें अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना एअर-इंडियानें सुमारे दोन महिन्यांत मायदेशीं आणलें. नफ्याच्या आशेनें तें काम झालें नसतें. परंतु स्पर्धाच नसल्यानें आसनें नेहमींच अपुरीं, तिकिटासाठीं ताटकळणें नित्याचें, आणि नवें विमान घेण्याचा निर्णय सरकारी दफ्तरांत वर्षानुवर्षें अडकलेला. स्वदेशीं विमान बांधण्याचा यत्न मात्र याच काळांत झाला. ब्रिटिश परवान्यानें कानपूर येथें बांधलेलें पहिलें अॅव्हरो विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजीं उडालें आणि तेथें अशीं ८९ विमानें तयार झालीं. त्यांतील बहुतेक हवाई दलाकडे गेलीं, थोडीं इंडियन एअरलाइन्सकडे. कानपूरचींच लहान डॉर्निअर विमानें पुढें १९८१ सालीं स्थापन झालेल्या वायुदूत कंपनीनें चालविलीं. तथापि देशाच्या मुख्य मार्गांवरील विमान परक्या कारखान्यांतूनच येत राहिलें.

१९९० नंतर सरकारनें आकाश पुन्हा खुलें केलें आणि १९९४ सालीं महामंडळांचा कायदा रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट अशा कंपन्या भराभर निघाल्या. या खेपेस युद्धांतून उरलेले डाकोटा नव्हते. त्यांची जागा भाडेपट्ट्यानें घेतली होती. परदेशांतील धनिक संस्था विमानें विकत घेतात आणि दरमहा ठराविक भाड्यानें कंपन्यांना देतात. जेट एअरवेजनें ५ मे १९९३ रोजीं सेवा सुरू केली ती भाडेपट्ट्याच्या चार बोइंग विमानांवर. विमान मिळविणें डाकोटाच्या दिवसांहूनही सोपें झालें, आणि परिणामही तोच झाला. १९९७ सालाच्या अखेरीपर्यंत त्या पहिल्या लाटेंतील बहुतेक कंपन्या लयास गेल्या. पुढील दशकांत दुसरी लाट आली. २००३ सालीं एअर डेक्कननें लहान शहरांना जोडणारी अल्प भाड्याची सेवा काढली. २००५ सालीं किंगफिशर आली आणि २०१२ सालीं थांबली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली जेटही एप्रिल २०१९ मध्यें थांबली. आणि मे २०२३ मध्यें गो फर्स्टची पाळी आली.

डाकोटाच्या आणि भाडेपट्ट्याच्या काळांत एक फरक मात्र आहे आणि तो मोठा आहे. १९५३ सालीं कंपन्या मिटल्या तरी ७४ डाकोटा देशांत राहिले. त्यांवर काम करणाऱ्यांस नवा धनी मिळाला. भाडेपट्ट्याचें विमान कंपनी थांबतांच मालकाकडे परत जातें. मागें उरतात ते थकलेल्या पगाराचे कर्मचारी, तिकिटाचे पैसे अडकलेले प्रवासी आणि बँकांचीं बुडित कर्जें. गो फर्स्टच्या वेळीं दिवाळखोरीच्या कायद्यामुळें विमानें परत नेण्यास मालकांना मज्जाव झाला आणि दीर्घ तंटा माजला. त्याचा परिणाम असा कीं, विमानांच्या मालकांचे हक्क स्पष्ट करणारा कायदा भारतीय संसदेनें २०२५ सालीं केला. विमान सहज मिळावें असें वाटत असेल, तर तें सहज परतही द्यावें लागतें, हा त्याचा अर्थ.

मग याच व्यवस्थेंत कांहींजण तरले कसे? इंडिगो कंपनीचें उदाहरण येथें बोलकें आहे. तिनें २००५ सालीं, एकही उड्डाण केलें नसतां, एअरबस ए-३२० जातीचीं शंभर विमानें मागविलीं आणि ४ ऑगस्ट २००६ रोजीं सेवा सुरू केली. वरवर पाहतां हें साहस डाकोटा-काळांतील उतावळेपणासारखेंच वाटतें. परंतु सुमारे दशकभर तिनें एकाच जातीचें विमान ठेवलें. त्यामुळें सुटे भाग एक, वैमानिकांचें शिक्षण एक, दुरुस्तीची शिस्त एक. आणि तळावर उतरलेलें विमान शक्य तितक्या लौकर पुन्हा उडवावयाचें, हा नियम. विमान विकत घेण्यापेक्षां त्याच्या दिवसाच्या तासांचा हिशेब तिनें अधिक कांटेकोर ठेवला. नागपूरच्या मध्यरात्रींतील तत्त्व तें हेंच.

२७ जानेवारी २०२२ रोजीं एअर-इंडिया पुन्हा टाटांच्या स्वाधीन झाली. २०२३ च्या फेब्रुवारींत तिनें एअरबस व बोइंग मिळून ४७० विमानें मागविलीं, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें इंडिगोनें ५०० विमानांची मागणी नोंदविली. हे आंकडे डोळे दिपविणारे आहेत. ९९ विमानांच्या वारशापासून येथवर आलेल्या देशास त्यांचा अभिमान वाटणें स्वाभाविक होय. मात्र हीं सर्व विमानें टुलूज, हँबर्ग, सिअॅटल यांसारख्या परक्या शहरांशीं निगडित अशा कारखान्यांतून यावयाचीं आहेत. कानपूरचें १७ आसनांचें डॉर्निअर विमान एप्रिल २०२२ मध्यें दिब्रुगड ते पासीघाट या मार्गावर प्रवासी घेऊन उडालें; वालचंदांनीं बंगलोरास पाहिलेल्या स्वप्नाचा नागरी वाहतुकींतील अंश अद्याप एवढाच आहे.

या साऱ्या इतिहासावरून विमान-कंपनीची परीक्षा करण्याची एक रीत हातीं येते. तिनें किती विमानें मागविलीं, हा प्रश्न दुय्यम मानावा. तीं विमानें कोणतें ओझें वाहणार, दिवसाचे किती तास आकाशांत राहणार, आणि म्हातारीं झाल्यावर त्यांच्या जागीं दुसरीं घेण्याची तरतूद कोण करणार, हे प्रश्न आधीं विचारावे. सामान्य गृहस्थाचाही या प्रश्नांशीं संबंध आहे. कारण आगाऊ काढलेल्या तिकिटांत आणि बँकेंतील ठेवींत त्याचाच पैसा गुंतलेला असतो. पस मॉथच्या चालकांना या प्रश्नांचीं उत्तरें पहिल्या उड्डाणापूर्वींच ठाऊक होतीं. डाकोटाच्या बहुतेक चालकांना तीं विमानें विकत घेतल्यानंतर शोधावीं लागलीं, आणि तोंवर वेळ निघून गेली होती.